नोल ते सिसिंगहर्स्ट: व्हिटाच्या वाटेने केंटमध्ये

शुक्रवार, सेव्हनोक्स

लंडनच्या चेरिंग क्रॉस स्टेशनातून निघालेली गाडी तासाभराच्या आत सेव्हनोक्सला सोडते. गाव चढावर आहे. स्टेशनपासून बाजारपेठेतून वर चालत गेलं की जुन्या चर्चच्या समोर एक साधं फाटक लागतं. आत शिरल्यावर एकदम हजार एकरांचं हरणांचं रान पसरतं आणि त्याच्या मधोमध नोल दिसतं. राखाडी दगडाचं, एखाद्या तटबंदीच्या गावासारखं पसरलेलं हे घर. सात चौक, बावन्न जिने आणि तीनशे पासष्ट खोल्या, म्हणजे वर्षाचा हिशोब, असं लोक परंपरेने सांगत आले आहेत. ताई सगळं घर बाहेरून बघून म्हणाली, "अगं, हिला लहानपणी हाक मारायची तरी कुठून!"

ती म्हणजे व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट. तिच्यासाठीच आम्ही दोघी बहिणी इथे आलो होतो. कवयित्री, कादंबरीकार आणि इंग्लंडमधल्या सर्वांत जास्त नक्कल झालेल्या बागेची मालकीण. ताईच्या पुण्यातल्या गच्चीवर गुलाबांच्या कुंड्या आहेत, माझ्याकडे पुस्तकांचं कपाट. दोघींच्याही आवडीची ही एकच बाई.

९ मार्च १८९२ रोजी व्हिटाचा जन्म ह्याच घरात झाला. आईवडिलांचं एकुलतं एक मूल. आजी पेपिता ही स्पेनमधली नर्तकी, आजोबा इंग्रज लॉर्ड. आईने सख्ख्या चुलतभावाशी लग्न केलं आणि त्यामुळेच ती नोलची मालकीण झाली. व्हिटा ह्या लांबच लांब दिवाणखान्यांतून, चित्रांच्या आणि चांदीच्या मेजांच्या सोबतीने एकटीच वाढली. अठरा वर्षांची होईपर्यंत तिने आठ कादंबऱ्या आणि पाच नाटकं लिहून काढली होती. घरातल्या चॅपेलमध्ये १ ऑक्टोबर १९१३ रोजी तिचं लग्न हॅरल्ड निकल्सन ह्या तरुण राजनैतिक अधिकाऱ्याशी झालं.

जानेवारी १९२८ मध्ये वडील गेले. पदवी आणि घर पुरुष वारसाकडेच जाणार असा दंडक असल्यामुळे नोल काकांकडे गेलं. व्हिटा मुलगा असती तर ह्या प्रत्येक दगडाची धनी झाली असती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनिया वुल्फची 'ऑर्लँडो' ही कादंबरी आली, व्हिटाला अर्पण केलेली. त्यातला नायक शतकानुशतकं जगतो, मध्येच स्त्री होतो आणि त्याच्या भोवतीचं ते भव्य घर उघड उघड नोलच आहे. कायद्याने काढून घेतलेलं घर एका मैत्रिणीने तिला कादंबरीत परत दिलं. पुढे वुल्फने हस्तलिखितही तिला देऊन टाकलं आणि ते आज नोललाच आहे. आजवर कुणी कुणाला दिलेल्या भेटींत ह्याहून मोठी भेट मला माहीत नाही.

घराच्या आतल्या लाकडी दालनांतून फिरून आम्ही बाहेर आलो, तेव्हा हरणं अगदी दारापर्यंत आली होती. ठिपकेवाली, माणसाळलेली. १९८७ च्या वादळात इथली कितीतरी जुनी झाडं पडली. नंतर लावलेली आता अंगाने भरली आहेत. ताई त्या नव्या ओकांकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

शनिवार, वील्ड

सेव्हनोक्सच्या दक्षिणेला उतरणीवर वील्ड नावाचं छोटं खेडं आहे. चालत गेलं तर रस्ता सुंदर आहे, फक्त परतीचा चढ लक्षात ठेवावा. इथे लाँग बार्न नावाचं लाकडी वाशांचं जुनं घर व्हिटा आणि हॅरल्डने १९१५ मध्ये घेतलं. घर आज खाजगी मालकीचं आहे. आम्ही रस्त्यावरूनच बघितलं आणि पुढे झालो.

पण व्हिटा बागकाम शिकली ती इथे. तिची बाग म्हटली की लोक थेट सिसिंगहर्स्टला पोचतात, आणि इथली पंधरा वर्षं मागे राहतात. सुरुवातीला तिला काहीच येत नव्हतं. उतरत्या जमिनीवर टप्पे पाडणं, चिकणमातीशी झटणं, कोणतं रोप कुठे मान टाकतं हे बघणं, हे सगळं ह्या उतारावर झालं. १९२५ च्या सुमारास तिच्या आईचे स्नेही एडविन लुटियन्स ह्यांनी खालच्या बाजूला उंच उचललेले वाफे आखून दिले. हे तेच लुटियन्स, जे तेव्हा नवी दिल्ली उभारत होते.

'द लँड' ही तिची दीर्घ कविताही ह्याच काळातली, १९२६ ची. केंटमधल्या शेतीचं वर्षभराचं चक्र त्यात आहे: नांगरणी, मधमाशा, गवताची कापणी, कुंपणांची डागडुजी. तिला हॉथॉर्नडन पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी हॅरल्डची नेमणूक तेहरानला होती म्हणून ती इजिप्त आणि हिंदुस्थानमार्गे तिकडे गेली आणि रझा शहाचा राज्याभिषेक पाहून आली. इराणमधल्या भिंतींच्या आतल्या बागा, चहूकडे रखरखाट आणि मध्ये पाण्याची एक रेघ, हे तिच्या डोक्यात कायमचं बसलं.

शेजारच्या जमिनीवर कोंबड्यांचा मोठा फार्म होणार असं कळलं आणि दोघांनी दुसरी जागा शोधायला सुरुवात केली. नंतर हे घर त्यांनी प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग आणि त्याची बायको ॲन ह्यांना भाड्याने दिलं. लहानग्या मुलाचं अपहरण आणि खून झाल्यावर वर्तमानपत्रांपासून दूर पळत ते जोडपं अमेरिकेतून इथे येऊन राहिलं होतं.

रविवार, सिसिंगहर्स्ट

स्टेपलहर्स्ट स्टेशनवर उतरून बसने सिसिंगहर्स्ट गावात आलो. गावातून शेताच्या कडेने पायवाट जाते. आधी झाडीवर गुलाबी विटांचा एक मनोरा वर येतो, मग बिअरसाठी लागणारी हॉपची फुलं सुकवायच्या भट्ट्यांची टोकदार छपरं. नावात किल्ला असला तरी हा किल्ला नाही. सोळाव्या शतकात बेकर घराण्याने बांधलेल्या मोठ्या वाड्याचे हे उरलेले अवशेष आहेत. अठराव्या शतकातल्या सप्तवार्षिक युद्धात इथे फ्रेंच कैदी डांबले होते, नंतर गावातल्या गरिबांना काम देऊन ठेवायचं घर झालं, नंतर शेतमजुरांच्या खोल्या.

व्हिटाने ही जागा पहिल्यांदा पाहिली ती एप्रिल १९३० मध्ये. धड एक घर नव्हतं. एक मनोरा, एक लांब पुढची इमारत, दोन सुटी घरं, मोडक्या भिंती आणि सगळीकडे कचरा. तिने स्वतः लिहून ठेवलं आहे: गंजक्या खाटा, नांगराचे फाळ, कोबीचे दांडे, तारांची भेंडोळी आणि सार्डिनच्या डब्यांचे डोंगर, सगळं चांदवेल आणि खाजऱ्या नेटलच्या जंगलात गुंतलेलं. ती बघता क्षणी ह्या जागेच्या प्रेमात पडली. भोवतीच्या शेतीसकट १२,३७५ पौंडांना त्यांनी ती विकत घेतली. घरात वीज नाही, नळ नाही, राहायला एकही धड खोली नाही. कचरा काढण्यातच पहिली वर्षं गेली. त्या उकिरड्यात एक जुना गॅलिका गुलाब तग धरून होता, गडद मखमली रंगाचा. आज त्याला 'सिसिंगहर्स्ट कॅसल' म्हणूनच ओळखतात.

खरेदीखतावर सह्या व्हायच्या आधीच व्हिटाने साउथ कॉटेज ह्या सुट्या घराच्या भिंतीला एक पांढरा वेलगुलाब लावला: 'माडाम आल्फ्रेड कारिएर'. तो आजही तिथे आहे, खोड मनगटाहून कितीतरी जाड. ताई त्याच्यासमोरून हलेना. नव्वद वर्षं उलटून गेलेला गुलाब अंगावर फुलं घेऊन उभा असलेला तिने कधी पाहिला नव्हता.

हे कुटुंब विखुरलेल्या इमारतींत राहत असे. झोपायला साउथ कॉटेज, जेवायला आणि मुलांसाठी प्रीस्ट्स हाउस, व्हिटाचं लिहिणं मनोऱ्यात. म्हणजे अंघोळीहून न्याहारीला आणि जेवणाहून झोपायला जाताना प्रत्येक वेळी बाग ओलांडावी लागे, पावसातसुद्धा. ही बाग अशी का आहे ते मला इथे फिरताना कळलं. ती घराच्या पुढे मांडलेली शोभा नाही. ह्या कुटुंबाचं घरच छप्पर नसलेलं होतं, आणि बागेचे कप्पे ह्या त्याच्या खोल्या होत्या.

खोल्यांच्या भिंती हॅरल्डने आखल्या. जुन्या भिंती एकमेकींना काटकोनात नव्हत्या, मनोरा पुढच्या इमारतीला समांतर नव्हता. सुट्टीच्या दिवशी हॅरल्ड आणि धाकटा मुलगा नाइजेल खुंट्या आणि दोरी घेऊन मोजमापं घेत बसत. यू आणि हॉर्नबीम ह्या झाडांच्या कातरलेल्या कुंपणांनी त्यांनी हा तिरपेपणा असा लपवला, की मनोऱ्यावर चढून वरून बघेपर्यंत तो लक्षातही येत नाही. गुलाबांच्या बागेच्या मध्यावर यूच्या हिरव्या भिंतींचं एक गोल अंगण आहे, राँडेल. केंटमध्ये हॉप सुकवण्याच्या भट्टीच्या गोल जागेला हा शब्द वापरत. त्या गोलातून चारही बाजूंना वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला काहीतरी दिसतं: पुतळा, बाक, मोकळं आभाळ.

ह्या कडक चौकटीच्या आत व्हिटाने हवा तेवढा दंगा केला. दोघांच्या स्वभावांची ही विभागणी बागेत डोळ्यांनी दिसते. ती वाचकांना सांगायची की प्रत्येक फट, प्रत्येक सांदीकोपरा रोपांनी ठासून भरा. दोन फरशांमध्ये थाईम, भिंतीच्या भेगेत वॉलफ्लॉवर, जुन्या सफरचंदाच्या झाडांवर चढवलेले गुलाब. आपोआप उगवलेलं रोप चुकीच्या जागी असलं तरी ती उपटत नसे.

जूनचा शेवट म्हणजे जुन्या गुलाबांचा उतरता काळ. वर्षातून एकदाच फुलणारे, वाइनच्या, जांभळीच्या, राखेच्या छटांचे हे गुलाब व्हिटा गोळा करू लागली, तेव्हा बाजारात त्यांना फारशी मागणी नव्हती. 'सुवेनिर द्यु डॉक्टर जमां' नावाचा काळपट लाल गुलाब तिने एका जुन्या नर्सरीतून उचलून वाढवला आणि पुन्हा चलनात आणला. ताईने हुंगला आणि म्हणाली, "ह्याच्यापुढे माझ्या कुंडीतले सगळे नुसते रंगाचे."

तिला मात्र सर्वांत जास्त अप्रूप वाटलं ते गुलाब बांधण्याच्या पद्धतीचं. हेझलच्या लवचिक काठ्यांच्या कमानी जमिनीत रोवून गुलाबाच्या लांब फांद्या खाली वाकवून त्यांना बांधतात. फांदी उभी असली की शेंड्याचा जोर राहतो आणि फुलं टोकालाच येतात. आडवी केली की प्रत्येक डोळ्यातून फुटवा येतो आणि फांदी तळापासून टोकापर्यंत फुलते. जॅक व्हास हा मुख्य माळी १९३९ मध्ये इथे आला, त्याने ही पद्धत रुजवली. काम करणाऱ्या एका माळीणबाईंनी ताईला गाठ मारून दाखवली. बुडापासून किती उंचीवर वाकवायचं ह्यावर दोघींचं इतका वेळ चाललं, की माझा चहा तिकडे गार झाला.

सोमवार, पुन्हा सिसिंगहर्स्ट

सकाळी फाटक उघडताच मनोऱ्यात गेलो. पहिल्या मजल्यावर व्हिटाची लिहायची खोली आहे. दाराच्या जाळीतून आत डोकवायचं, आत पाऊल टाकता येत नाही. तिच्या हयातीतही फारसं कुणी टाकत नसे. नाइजेलने लिहून ठेवलं आहे, की आईच्या त्या खोलीत तो तीस वर्षांत मोजक्याच वेळा गेला. भिंतीभर पुस्तकं, विटलेले पडदे, लिहायचं मेज. मेजावर हॅरल्डचं चित्र आणि व्हर्जिनिया वुल्फचा फोटो. मनोऱ्यातच वुल्फ दांपत्याच्या होगार्थ प्रेसचं एक जुनं छपाई यंत्रही ठेवलेलं आहे, त्यांनी व्हिटाला दिलेलं.

व्हिटा आणि हॅरल्ड दोघांचीही प्रेमं आपापल्या लिंगाच्या माणसांवर जडत, आणि दोघांनाही ते एकमेकांबद्दल ठाऊक होतं. प्रेयसी व्हायोलेट ट्रेफ्युसिसबरोबर व्हिटा एकदा घर सोडून फ्रान्सला निघून गेली होती. त्या काळाची हकिकत तिने लिहून कुलूपबंद पिशवीत ठेवली. ती तिच्या मृत्यूनंतर ह्याच मनोऱ्यात नाइजेलला सापडली आणि १९७३ मध्ये त्याने ती छापली. आईचं इतकं खाजगी लिखाण छापायला हवं होतं का ह्यावर तेव्हा मोठा वाद झाला. ती पानं वाचून मला व्हिटा अधिक आपली वाटू लागली, एवढं मी सांगू शकते. ह्या दोघांचं लग्न तुटलं नाही. दूर असले की ते जवळजवळ रोज पत्रं लिहीत आणि त्या पत्रांतला केवढा तरी मजकूर झाडांबद्दलचा आहे.

वरच्या गच्चीवरून सगळी बाग नकाशासारखी दिसते. १९४० च्या उन्हाळ्यात ह्याच आभाळात विमानांच्या लढाया चालू होत्या. जर्मन सैन्य उतरलं तर घ्यायचं विष दोघांनी जवळ ठेवलं होतं. माळी एकेक करून सैन्यात गेले, हिरवळीवर गुडघाभर गवत माजलं. जॅक व्हास १९४१ मध्ये हवाई दलात गेला. जाताना तो व्हिटाला एवढंच सांगून गेला, की कुंपणं तेवढी सांभाळा, बाकीचं आपण नंतर परत मिळवू. आणि तसंच झालं. तो १९४६ मध्ये परतला, तेव्हा यूच्या भिंती उभ्या होत्या. 'द गार्डन' ही तिची दुसरी दीर्घ कविताही १९४६ चीच.

मग आम्ही पांढऱ्या बागेत आलो आणि दुपार तिथेच गेली. ह्या बागेची कल्पना युद्धाच्या सुरुवातीलाच तिच्या मनात होती, लागवड १९४९-५० च्या हिवाळ्यात झाली. राखाडी, हिरवा आणि पांढरा, बाकी रंग नाही. जानेवारी १९५० मध्ये तिने 'द ऑब्झर्व्हर'मधल्या आपल्या सदरात लिहिलं, की पुढच्या उन्हाळ्यात संधिप्रकाशात ह्या फिकट बागेवरून पांढरं घुबड आवाज न करता तरंगत जाईल अशी आशा आहे, आणि ही बाग मी आत्ता पहिला बर्फ भुरभुरत असताना लावते आहे. मी हे वाक्य कितीदा वाचलं असेल. ज्या दिवशी हातात फक्त कंद आणि गारठलेली माती आहे, त्या दिवशी तिला सहा महिन्यांनंतरची संध्याकाळ दिसत होती.

मध्यावर लोखंडी मांडवावर 'रोझा मुलिगानी' चढला आहे. छोट्या पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांचे घोसच्या घोस, आम्ही गेलो तेव्हा नुकते उमलायला लागलेले. खाली बॉक्स नावाच्या झुडपाच्या बुटक्या कुंपणांत पांढरे डेल्फिनियम, रीगल लिली, ढगासारखा क्रॅम्बे, चंदेरी काट्यांचा माणसाहून उंच थिसल. एका कोपऱ्यात झुकलेल्या चंदेरी पेअरखाली शिशाचा पुतळा. पांढरा म्हणजे एकच रंग, असं म्हणणाऱ्याने इथे दहा मिनिटं बसावं. लिलीचा पांढरा दुधाळ आहे, गुलाबाचा थोडा पिवळसर, डेल्फिनियमचा निळ्याकडे झुकणारा, आणि त्यांना एकमेकांपासून सोडवते ती पानांची राख. ऊन उतरायला लागलं तसे बाकीच्या बागेतले जांभळे आणि लाल रंग विझत गेले. इथे मात्र प्रकाश टिकून होता.

'द ऑब्झर्व्हर'चं हे सदर ती सुमारे पंधरा वर्षं, १९६१ पर्यंत दर आठवड्याला लिहीत होती. मला तिच्या साहित्यातलं सर्वांत टिकाऊ लिखाण हेच वाटतं. 'द लँड'मधल्या जुन्या वळणाच्या ओळी आज थोड्या जड जातात. सदरातली बाई मात्र समोर बसून बोलते. कोणती नर्सरी चांगली, कोणतं रोप दगा देतं, खिशात पैसे नसतील तर बी कसं धरायचं. तिला बागेतल्या भित्र्या माणसांचा राग येई. आवडलं नाही तर उपटा, दुसरं लावा, असा तिचा धोशा. वाचकांची पत्रं गठ्ठ्याने येत.

बाग लोकांसाठी १९३८ पासून खुली होती, प्रवेश एक शिलिंग. येणाऱ्यांना ती प्रेमाने 'शिलिंगवाले' म्हणे आणि मातीचे हात झटकून त्यांच्याशी बोलायला उभी राहत असे. पण जुनी घरं आणि बागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेला जागा देऊ या असं १९५४ मध्ये नाइजेलने सुचवलं, तेव्हा ती भडकली. माझ्या दारावर तो धातूचा बिल्ला कधीही लागणार नाही, नोल गेलं तेवढं पुरे, असं तिने रोजनिशीत लिहिलं. कारण नोलही तोवर ट्रस्टकडे गेलं होतं. तिच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, वारसाकराचा बोजा पेलण्यासाठी सिसिंगहर्स्ट ट्रस्टला द्यावंच लागलं.

तरी बाग जगली, आणि ती दोन स्त्रियांमुळे. पामेला श्वर्ट आणि सिबिल क्रॉइट्सबर्गर. ऑक्सफर्डजवळ वॉटरपेरीला बिआट्रिक्स हॅव्हरगलने मुलींसाठी काढलेल्या बागकामाच्या शाळेत त्या शिकल्या होत्या. १९५९ मध्ये व्हिटाने त्यांना मुख्य माळी म्हणून नेमलं आणि त्या १९९० पर्यंत राहिल्या. व्हिटाची बाग जुलैच्या मध्यानंतर दमायची. ह्या दोघींनी ती ऑक्टोबरपर्यंत फुलती ठेवली, रोपांची पारख आणखी काटेकोर केली. व्हिटाने शोधलं आणि ह्यांनी टिकवलं. पाट्यांवर आणि पुस्तकांत व्हिटाचं नाव जितकं दिसतं त्याच्या निम्म्याने तरी ह्यांचं दिसायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मंगळवार, विथियम

शेवटचा दिवस ससेक्सच्या सीमेवरच्या विथियम खेड्यासाठी ठेवला होता. टनब्रिज वेल्सहून टॅक्सी केली. टेकाडावर चर्च आहे आणि त्यात सॅकव्हिल घराण्याचं चॅपेल. चौदाव्या वर्षाच्या आत गेलेल्या एका सॅकव्हिल मुलाचं संगमरवरी स्मारक मध्यभागी आहे, दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले आईबाप. २ जून १९६२ रोजी व्हिटा सिसिंगहर्स्टच्या प्रीस्ट्स हाउसमध्ये वारली. तिच्या अस्थी इथल्या तळघरात, तिच्या पूर्वजांमध्ये ठेवल्या. घराण्याचं घर तिला मिळालं नव्हतं, पण घराण्याच्या तळघरात तिची जागा अबाधित होती. हॅरल्ड १९६८ मध्ये गेला. त्याला सिसिंगहर्स्ट गावातल्या दफनभूमीत पुरलं.

ताईने विचारलं, "मग तिचं खरं काम कोणतं म्हणायचं गं, कविता की बाग?" मी म्हटलं, तिला विचारलं असतं तर तिने कविता म्हटलं असतं. मी बाग म्हणते. आणि त्यात हॅरल्डच्या रेघा, व्हासच्या कमानी आणि त्या दोघी माळीणबाईंची तीस वर्षं धरूनच म्हणते.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी. सिसिंगहर्स्टला एक दिवस पुरत नाही. जुने गुलाब बघायचे तर जूनचा दुसरा-तिसरा आठवडा गाठावा, पांढऱ्या बागेतला मांडव बघायचा तर जुलैची सुरुवात. हॅरल्डने कंदांच्या फुलांसाठी स्वतः सजवलेली लिंडनची रांग आणि हेझलची राई ह्या दोन्हींची खरी वेळ एप्रिल. आम्हाला तिथे नुसती हिरवी सावली मिळाली, म्हणून ताईने पुढच्या वेळचा महिना आत्ताच नक्की केला आहे.